माळढोकाची वकिली

आश्विन वद्य तृतीया, साल एकोणीसशे शेहेचाळीस. आभाळ निरभ्र. वारा पश्चिमेचा, मंद. पहाटे गवतावर भरपूर दहिवर, दुपारी ऊन कडक.

हवा कशी होती हे लिहिल्याखेरीज मला पुढचं काही लिहिताच येत नाही. रोजनिशीची जुनी खोड. पण त्या दिवशी माझी जी फजिती झाली तिचा हवेशी काडीचाही संबंध नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. नंतर कोणी म्हणायला नको, की बिचाऱ्याला ऊन लागलं असेल!

तर ऐका. चहा गार होऊ देऊ नका, पण लक्ष इकडे ठेवा. आणि सगळं ऐकून झाल्यावर प्रामाणिकपणे सांगा, यात माझं काय चुकलं?

मी देवीडॉक्टर. डॉक्टर हे आपलं लोकांनी लावलेलं. शिक्षण सातवी पास, काम सायकलवरून गावोगाव हिंडून पोरांच्या दंडावर देवीची लस टोचायचं. जन्म कोपरगावचा, नोकरीची बरीच वर्षं राजूरच्या डोंगरात गेली, आणि त्या साली माझी बदली जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, पाथर्डीकडे झाली. आधीच्या देवीडॉक्टरने चार्ज देताना सायकलचा पंप गळतो हे मला तीनदा बजावलं. जे सांगायला हवं होतं त्याबद्दल मात्र अवाक्षर नाही! असो. त्या माणसाबद्दल मी बोलणार नाही.

पाथर्डीच्या पलीकडे एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण माझी नोकरी अजून त्याच तालुक्यात आहे. त्या गावी आदल्या संध्याकाळी पोहोचलो, चावडीत पथारी टाकली, आणि सकाळी तांब्या घेऊन गायरानाकडे गेलो.

आणि तिथे काय पाहिलं असेल?

माळढोक! मादी! खुरट्या गवतात बसलेली, मान काठीसारखी सरळ, डोळा माझ्यावर रोखलेला. मी होतो तिथेच खाली बसलो. तसंही बसायचंच होतं म्हणा. बराच वेळ गेल्यावर ती उठली, चार पावलं राजाच्या राणीसारखी टाकली, एक नाकतोडा टिपला आणि परत येऊन बसली. त्या उठण्याबसण्यात मला दिसलं. उघड्या जमिनीवर, ना घरटं ना आडोसा, एक अंडं. एकच!

तुम्हाला यात काय विशेष वाटणार? पण मला पाखरांचा नाद आहे. कोणी शिकवलेला नाही, बघून बघून लागलेला. माळढोक पूर्वी माळामाळांवर दिसायचा, आता महिनोन्महिने हिंडलं तरी दिसत नाही. त्याचं कारण एकच, जो दिसतो तो चुलीवर चढतो. आणि मादी अंडं घालते एक. म्हणजे ते एक गेलं की तिचं साल गेलं. अंड्यातून बाहेर येणारं माळढोकाचं पिल्लू मी जन्मात पाहिलेलं नव्हतं. ठरवूनच टाकलं, की हे पिल्लू निघालेलं मी पाहणार. रजा टाकावी लागली तरी बेहत्तर.

मोठ्या आनंदात चावडीवर आलो. संपतराव पाटील तंबाखू मळत बसले होते. आडवा बांधा, पांढऱ्या मिशा, अतिशय सज्जन माणूस. मी म्हणालो, "पाटील, तुमच्या गायरानात माळढोक बसलाय!"

पाटलांचा चेहरा उजळला. म्हटलं, चला, समानधर्मी भेटला.

"म्हाईत हाय की! रोज नजर ठिवून हाय त्याच्यावर," पाटील म्हणाले. "लई ग्वाड मटान असतंय, डाक्तर. आमचं जावई आल्यात दिवाळसनाला, नगरास्नं. बंदूक घिऊन आल्यात. म्हनलं उद्या सकाळच्याला पाडा आन् सनाची सुरवात करा."

जावईबापू शेजारीच बसले होते. केसांना चप्प तेल, मांडीवर बंदूक. लग्नातला अंगरखा अजून अंगातून निघायचा होता. ते म्हणाले, "तुम्हीपण या जेवायला."

माझ्या डोक्यात जी तिडीक गेली म्हणता!

आता माझ्या संतापाचं कारण नीट समजून घ्या. राजूरला असताना एका वानराने चावडीच्या खिडकीतून हात घालून माझी रोजनिशी पळवली, आंब्यावर बसून एकेक पान शांतपणे फाडलं, आणि पावसाळ्याचे सगळे दिवस खाली माझ्या डोक्यावर टाकले. आणि खाली जमलेली माणसं काय करत होती? हात जोडून उभी होती! एक म्हातारी मला म्हणाली, "देवानं वाचायला नेलीया, नशीब काढलंस बाबा." नशीब! हरभरा उपटतं, कौलं फोडतं, भाकरी पळवतं, असं जनावर देव. आणि माळढोक? नाकतोडे खातो, किडे खातो, सरडे खातो, कोणाच्या कणसाला धक्का लावत नाही, दुरूनच आब राखून चालतो. तर तो रश्शात! कुठला न्याय हा?

मी पाटलांना विचारलं, "वानरावर चालवाल बंदूक?"

पाटील जरा दचकले. "वानरावर? न्हाई बा. वानराला कोन मारतंय?"

"बघा! का नाही मारत? तो मारुतीचा, म्हणून ना?"

पाटलांना असा जोराचा खोकला आला, की मळलेली तंबाखू सगळी भुईवर. मी तांब्यातलं पाणी पुढे केलं. जावई बायकोच्या माहेरी नवखे. ते नुसतेच बघत राहिले.

दिवसभर मी घरोघर हिंडलो. लस टोचणं तर नंतर होतं. त्या दिवशी नुसती पोरांची नावं घ्यायची. पण डोक्यात माळढोक. प्रत्येक ओट्यावर मी तोच मुद्दा मांडला. मारुतीच्या वानराला एक न्याय, गरीब माळढोकाला दुसरा का? आणि प्रत्येक ओट्यावर लोकांना खोकला! शिंपी खोकला, त्याची बायको आतून खोकली, कोतवाल तर खोकत खोकत उठून परसात गेला. आरोग्याच्या कामातला माणूस मी. माझ्या नजरेतून असली गोष्ट कशी सुटेल? संध्याकाळी रोजनिशीत लिहिलं, "गावात खोकल्याची साथ, कारण अज्ञात." आणि शिंप्याला अडुळशाचा काढाही सांगितला!

हसा. मला तेव्हा हसू येत नव्हतं.

दुपारी विचार करता करता मला वाटलं, की हे लोक ऐकत नाहीत कारण माळढोकाच्या पाठीशी देव नाही. वानराकडे काय आहे? गुण एकही नाही, पण वशिला केवढा! माळढोकाकडे सगळे गुण, वशिला शून्य. मग वशिला लावून द्यायला किती वेळ लागतो?

मी पाटलांना म्हणालो, "आज दिवे लागायला लोक देवळात जमवा. लशीबद्दल दोन शब्द सांगायचेत."

गावाच्या मधोमध देऊळ. ऐसपैस सभामंडप, आत गाभाऱ्यात अंधार, अंधारात शेंदराने माखलेली भली थोरली मूर्ती. आता मला सांगा, गावाच्या देवळात शेंदराने माखलेला धिप्पाड देव दिसला तर तुम्ही काय समजाल? मीही तेच समजलो. वेशीवर मारुती दिसला नव्हता, याचा उलगडाही झाला. म्हटलं, यांनी तो गावात घेतलाय. वाकून नमस्कार केला आणि मनात म्हणालो, बजरंगबली, तुझ्याच नावाने थोडं खोटं बोलणार आहे, सांभाळून घे.

लोक भरपूर जमले. पुढे पाटील, पाटलांशेजारी बंदुकीसह जावईबापू. बायकांच्या पुढे धोंडाबाई बसलेल्या. या गावच्या सुईण. वय झालेलं, दात गेलेले, पण आवाज असा की चावडीवरचा माणूस बोलावताना त्या घरातून उठत नसत.

लशीबद्दल दोन शब्द खरोखरच दोनच बोललो. मग माळढोकावर आलो. वानर आणि माळढोक असे दोघे समोरासमोर उभे केले आणि एकेक गुण घेऊन तोलायला लागलो. वानर काय खातो, माळढोक काय खातो. वानराची पोरं किती, माळढोकाचं अंडं किती. वानर तुमच्या घरात शिरतो, माळढोक तुमच्या सावलीलाही येत नाही. आवाज चढत गेला. शेवटी मी गाभाऱ्याकडे हात करून म्हणालो,

"वानर मारुतीरायाचं म्हणून तुम्ही त्याला जपता. पण तुम्हाला हे ठाऊक आहे का, की माळढोकही मारुतीरायाचाच आहे? द्रोणागिरी उचलून आणताना वाट दाखवायला मारुतीरायाच्या खांद्यावर जो पक्षी बसला होता, तो हाच!"

असं कुठल्या पोथीत नाही. त्या क्षणी मला सुचलं. आणि सुचलेलं मला फार आवडलं.

आता मंडपात कोणी खोकेनासुद्धा! मला वाटलं, लोक गहिवरले. एका बाईने पदर तोंडाला लावला. एक म्हातारा कानांवर हात ठेवून डोळे मिटून बसला. म्हटलं, ध्यान लागलं. त्या भरात मी हात वर केले आणि गरजलो, "बोला, बजरंगबली की जय!"

कोणी बोलेना. मला वाटलं, मागच्यांना ऐकू गेलं नसेल. म्हणून पुन्हा एकदा, अधिक जोरात.

तेव्हा धोंडाबाई उठून उभ्या राहिल्या.

"आरं, कुनीतरी त्या मेल्याचं त्वांड धरा रं!"

पाटलांनी खरोखरच धरलं. मला तसंच मंडपाबाहेर आणलं, हात काढला आणि घाम पुसत म्हणाले, "डाक्तर, काय केलंत हे? आवो, हे दैत्याचं गाव हाय."

"कसलं?"

"दैत्याचं. आत बसलाय त्यो दैत्य हाय. आमचा राखनदार त्योच. त्याची आन् तुमी नाव घेतलं त्येंची लढाई झाल्ती मागं. तवापास्नं त्येंचं नाव शिवेच्या आत न्हाई. देऊळ न्हाई, लेकराला ते नाव न्हाई. सोयरीक करताना आमी आधी नवरदेवाचं नाव इचारतो, मग जमीन."

जिल्ह्यात अर्धं आयुष्य काढलं आणि असं गाव असल्याचं कानावर नाही! मी म्हणालो, "अहो, मग सकाळीच सांगायचं नाही का मला?"

"सांगायचं कसं? सांगायला नाव घ्यावं लागतं की! म्हनून तर सकाळधरनं समदं गाव खोकतंय."

आता तुम्हीच बोला. खोकून कोणी सूचना देतं का?

तोवर लोक बाहेर आले आणि आमच्याभोवती कोंडाळं झालं. एकजण म्हणाला, "पाटील, आता त्या पाखराचं काय करायचं? त्येंचं हाय म्हनल्यावर शिवेत कसं ठिवायचं? आत्ताच्या आत्ता हाकला."

"अंडंबिंडं उचला आन् टाका पल्याड," दुसरा म्हणाला.

अंडं उचललं की संपलंच! मी ओरडलो, "थांबा! खोटं होतं ते! मी मनचंच बोललो. तो पक्षी त्यांचा नाही, कोणाचाच नाही!"

जावईबापूंचा चेहरा खुलला. "म्हंजे खायला हरकत न्हाई."

"नाही नाही! त्यांचाच आहे!"

"मग हाकला!"

"त्यांचा नाही!"

"मग सकाळी पाडतो."

"अहो, आहे म्हणजे... अगदी त्यांचा नाही, पण ओळखीतला आहे..."

लोक एकदा माझ्याकडे, एकदा जावयांकडे माना वळवत होते. काय पेच बघा! त्यांचा म्हणावं तर हाकलणार, नाही म्हणावं तर शिजवणार. माळढोकाला मी वशिला लावायला गेलो तो हा असा!

"गप ऱ्हावा समदी!" धोंडाबाई पुढे आल्या. "ए डाक्तर, इकडं बघ. अंडं हाय का तिचं?"

"आहे. एकच."

"आन् ती बसलीया त्याच्यावर?"

"रात्रंदिवस."

"म्हंजे बाळंतीन हाय."

मी म्हणालो, "तसं शास्त्राप्रमाणे पिल्लू अजून निघायचं आहे, त्यामुळे तिला बाळंतीण असं..."

"तू मला बाळंतपन शिकिवतो? ह्यो पाटील पायाळू निघाला माझ्या हातात, इचार त्याला!"

पाटील खाली बघायला लागले.

"बाळंतिनीला शिवेच्या भाईर काढल्याली कुनी ऐकलीया का?" धोंडाबाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "मग ती कुनाची का असंना. वैऱ्याची सून असली तरी बाळंतीन हाय तवर ती हिथंच ऱ्हाईल. लेकरू पायावर चालाया लागलं की तिची ती जाईल."

"आन् बंदूक?" जावईबापूंनी विचारलं.

"खाशील व्हय? ह्यानं दैत्याम्होरं ते नाव लावलंय तिला. खरं का खोटं, लावलं ते लावलं. ते मास ह्या गावच्या चुलीवर चढायचं न्हाई."

"मग मी बंदूक आणली कशाला?"

"करंज्या फोडायला!" मागून कोणीतरी म्हणालं, आणि जावयांचे कान लाल झाले.

मला तर धोंडाबाईंच्या पाया पडावंसं वाटलं. वाचलं अंडं! वाचली मादी! मी दोन्ही हात जोडून म्हणालो, "आजी, तुम्ही फार मोठा न्याय केलात."

"आजून झाला न्हाई," धोंडाबाई म्हणाल्या. "पाखराचा झाला. नावाचा ऱ्हायलाय. ते नाव शिवेच्या आत कुनी आनलं?"

सगळ्या गावाने माझ्याकडे पाहिलं.

"दोनदा घेतलं," शिंपी म्हणाला. याला मी अडुळसा सांगितला होता!

"जयजयकार सुदिक केला," कोतवाल.

"माझ्या वसरीवर बसून चा पिता पिता घेतलं," आणखी कोणी.

धोंडाबाईंनी पाटलांना विचारलं, "शिवेत वानर शिरलं तर काय करतो आपन?"

पाटील घसा खाकरत माझ्याकडे वळले. यावेळचं खाकरणं साधं होतं. "डाक्तर, राग मानू नगा. आमी मारत न्हाई वानराला. दगूड सुदिक टाकत न्हाई. फकस्त हलगी लावून शिवेपत्तूर पोचिवतो आन् वाटंला भाकर देतो."

"मी सरकारी माणूस आहे!" मी गरजलो.

"व्हय व्हय. म्हनून तर तुमाला दोन भाकरी. वानराला येक देतो."

आणि हलगी आली! तडतड तडतड! माझी सायकल माझ्या हातात, लशीची पेटी कोतवालाच्या डोक्यावर, पुढे हलगीवाला, मागे गाव. दारादारांतून बायका कंदील वर करून बघत होत्या. सासुरवाडीत नवे असूनही जावईबापूंनी मिरवणुकीत भाग घेतला, तो मात्र फार उत्साहाने. मी वाटभर बोलत होतो. मी म्हणालो, मी वर कळवीन. मी म्हणालो, ही सरकारी कामात आडकाठी आहे. मी म्हणालो, ज्याने माळढोकाची बाजू घेतली त्याला वानर ठरवता, ही कुठली रीत? हलगीपुढे माझं मलाच ऐकू येत नव्हतं.

शिवेच्या दगडापाशी हलगी थांबली. पाटलांनी फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी आणि ठेचा माझ्या हातात दिला. "बाबा, मागं वळून बघू नगा. तशी रीत हाय."

"पोरांच्या लशीचं काय?" मी विचारलं. कितीही राग आला तरी काम ते काम.

"आनू की हिथं. ही बाभळ हाय न्हवं शिवेपल्याड, हिच्या सावलीत बसा परवा. समदी लेकरं धाडतो." मग जरा घुटमळून म्हणाले, "गुढीपाडव्यापत्तूर आत मातुर येऊ नगा."

"पाडव्यापर्यंत? अहो, पिल्लू तर त्याच्या किती आधी निघेल! मला ते पाहायचंय! मी त्याच्यासाठीच तर..."

"आमी बघतो की," पाटील म्हणाले. "त्यात काय बघायचं असतं ते सांगून ठिवा."

मी सांगितलं. शिवेच्या दगडाच्या अलीकडे मी आणि पलीकडे पाटील, असे उभे राहून मी त्यांना सगळं सांगितलं. पिल्लाचा रंग बघा, ते किती वेळाने उभं राहतं ते बघा, मादी त्याला काय भरवते ते बघा, तिथे गुरं सोडू नका, कुत्री जाऊ देऊ नका. पाटलांनी सगळं मान हलवत ऐकलं. मग ते हलगीवाल्यासह परत गेले. मी वळून पाहिलं नाही.

गावातल्या सर्व पोरांना ठरल्या दिवशी बाभळीखाली लस टोचली. धोंडाबाई प्रत्येक पोराचा दंड स्वतः धरून बसल्या होत्या. जावईबापू दिवाळसण करून बंदूक न झाडता नगरला गेले. गायरानाच्या त्या भागात गुरं सोडली नाहीत. दिवाळीनंतर अंड्यातून पिल्लू निघालं, आणि मादी त्याला घेऊन पूर्वेच्या माळाकडे गेली. ते पाटलांनी पाहिलं, शिंप्याने पाहिलं, कोतवालाने पाहिलं. रंग कोणता होता यावर तिघांचं एकमत नाही. मी पाडव्यापर्यंत शिवेबाहेर होतो. मी पाहिलं नाही.